ओन्शा

नवा सम्राट सिंहासनावर बसला
तेव्हा मी साकाताच्या मासळीबाजारात
बर्फाची खोकी उतरवत होतो.
संध्याकाळी भाचा म्हणाला,
"मामा, तुला माफी मिळाली."
दंड भरून ज्यांना तीन वर्षं झाली
त्या सगळ्यांचे हक्क परत.
कुठले हक्क?
त्यालाही नीट सांगता येईना.
गेले होते हे मला कळायच्या आत
परत आले ते.

पत्र नाही, शिक्का नाही,
दारावर कोणी आलं नाही.
लाखोंच्या घोळक्यात माझंही नाव
कुणी न उच्चारता पुसलं गेलं.
दोनेक वर्षांनी
तसंही पुसलं जाणारच होतं.

गुरुवारी शिगेनोबाईंकडे गेलो.
दर गुरुवारी जातो. कचरा बाहेर ठेवतो,
रॉकेलचा डबा वर चढवतो.
त्या वळणावर, त्या पावसात
माझ्या ट्रकखाली जी सायकल आली
ती त्यांची होती.
कमरेतला खिळा थंडीत बोलतो, म्हणतात.
माझ्याशी त्या खिळ्याबद्दल
त्या कधी बोलल्या नाहीत.

माफीचं सांगितलं.
त्यांनी शाई घोटली, कागद पसरला.
"लिही तो शब्द."
चाळीस वर्षं शाळेत अक्षर शिकवलंय त्यांनी.

ओन.
वर चौकट, चौकटीत हात फैलावलेला माणूस,
खाली काळीज.
उपकार म्हणजे हे, त्या म्हणाल्या,
आणि उपकार फेडायचा असतो.
कुणाला, ते अक्षरात नाही.

शा.
डावीकडे लाल,
उजवीकडे काठी धरलेला हात.
सोडून देणं म्हणजे हे.
मी काठीपाशी अडखळलो:
ती खाली येतेय की वर जातेय?

"ते वाचणाऱ्याने ठरवायचं," बाई म्हणाल्या,
आणि लाल शाईचा कुंचला उचलला.
चांगल्या अक्षराभोवती त्या फूल काढतात,
गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.
मी वाट पाहिली.
खिडकीबाहेर पर्सिमनच्या झाडावर
एकच फळ उरलं होतं, कावळ्यांसाठी ठेवलेलं.

फूल काढलं नाही.
माझ्या काळजाचा शेवटचा ठिपका
लाल शाईने थोडा वर सरकवला, फक्त.
"पुन्हा लिही, कुवाबारा.
आणि पुढच्या गुरुवारी आठच्या आत ये.
गाडी लवकर येते हल्ली."