चौथी बशी

मिठबावच्या खाडीतून आणलेली मोरसाची फांदी
वर्तमानपत्रावर झाडली.
वाळू, भुसकट, नखाएवढा मेलेला खेकडा,
आणि बी, मोहरीहून बारीक.

अण्णांचं भिंग डोळ्याच्या खोबणीत बसवलं.
देवगडच्या बाजारात घड्याळजी होते ते;
हे भिंग आणि एक चिमटा
एवढंच माझ्या वाट्याला आलं.

काळं, चकचकीत, कडेला बारीकशी चोच: मोरस.
तपकिरी, मऊ सालीचं: हेही मोरसच,
त्याच फांदीचं, घाईत असलेलं.
गोल नि बिनचोचीचं, ते परसातल्या माठाचं. बाजूला.

तरी खात्री हवी म्हणून एक ब्लेडने चिरलं.
आत हिरवट केसकमान,
वेढ्यावर वेढा.
हाक मारणार होते अण्णांना.

चार बशा, टिपकागद, प्रत्येकीत पन्नास बिया.
विहिरीचं पाणी. निम्मं खाडीचं. सगळं खाडीचं.
चौथीत मीठ एवढं, की कडेला पांढरी रेघ धरली.
पहिलीत तिसऱ्या दिवशीच वेढे सुटू लागले.
चौथीत एकवीस दिवस काही नाही.
कांचन म्हणाली, “टाक गो ता, मेलला.”

अण्णा बंद घड्याळाला
मेलं म्हणत नसत. थांबलंय म्हणत.

बिया विहिरीच्या पाण्यात तीनदा खळबळल्या,
नव्या कागदावर ठेवल्या.
आठवड्याने वहीत लिहिलं: चौथी बशी, एकतीस.
उरलेल्या चिमट्याने दाबून पाहिल्या;
अकरा पिचल्या.

आठ अजून टणक आहेत.
त्यांचा रकाना कोरा ठेवलाय,
बशीवर झाकण.