झाकण उघडल्यावर

झाकण उघडलं. पडदा उजळला,
जीएसटीचं अर्धं भरलेलं विवरणही जागच्या जागी.
वायफाय तेवढं नाही.
राउटर फळीवर, हिरवा दिवा लुकलुकतोय.
यादीत आपलं घर दिसतंय,
खाली लिहिलंय : जोडता येत नाही.

विमानाचं चिन्ह चालू केलं, बंद केलं.
'हे नेटवर्क विसरा' दाबलं,
पासवर्ड पुन्हा शिकवला, अक्षर अक्षर.
छे.

आतल्या खोलीत आबा उठले.
एकतीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान,
दुपारी झोपून उठले की पाचेक मिनिटं तिथंच असतात.
"तण्णी कुडु," म्हणाले मला.
आधी मी वाद घालायचे :
आबा, हे विटा आहे, मी सुनंदा.
आता तांब्या भरून देते.

सेटिंगच्या पार तळाशी सापडली ती चौकट :
'वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करू द्या.'
बरोबरची खूण आधीचीच,
कुणी केली कोण जाणे.
मी काढली.
वाचवायला कुणी सांगितलं होतं रे तुला?
(हे लॅपटॉपला.
आबा दोन वर्षांतून एकदा यायचे,
तिकिटाचे पैसे वाचवून.)

बंद केला, चालू केला.
पट्ट्या भरल्या, विवरण गेलं.

पलीकडे लाइट आली असावी,
खडखड सुरू झाली.
आबांनी तांब्या खाली ठेवला, मान वळवली.
"इलाहीचे माग का गं?
एक धोटा अडकतोय त्याचा.
सांग त्याला."