भांडण न झालेला मंगळवार

दर मंगळवारी बर्फ लोटणारं यंत्र पुढे गेलं की
त्याच्या चाकोरीतून माझी बुटकी पांढरी गाडी.
अकिताच्या या दरीत एकवीस घरं उरलीत,
त्यांतल्या चौदांत माणसं.
कुठल्याही घरात शिरले की आधी
समोरचा हात माझ्या हातांत धरून बसते थोडा वेळ.
माया वगैरे नाही, गार बोटं
प्राणवायूच्या चिमट्याला खोटं सांगतात.

तोकुझो-सान, वय शहाऐंशी,
दारातूनच सुरुवात करतात:
"आली, मीठ मोजणारी आली!"
मग बाही वर करण्यावरून हुज्जत,
धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्यावरून हुज्जत,
न्हाणीबाहेरच्या गारठ्यात कपडे उतरवून
एकदम कढत पाण्यात शिरू नका, म्हटलं की
"माझा बाप असाच शिरायचा."
आणि बाप गेला कसा, हे दोघांनाही ठाऊक असतं.

माझ्या वहीत एक रकाना छापील नाही,
मी पट्टीने आखलेला.
त्यात ते काय म्हणाले ते लिहिते.

थंडी पडली की चौदाही घरांत एकच गोष्ट सांगते:
सर्दी शेजारीण आहे.
बाहेरून हाक मारते, जोडे काढते,
तोंड दाराकडे करून नीट लावून ठेवते,
मग आठवडाभर नाक पुसत बसते.
फ्लू बुटांसकट आत येतो,
चटईभर चिखल.
मी विचारते, कधीपासून?
"असेल दोन-तीन दिवस" म्हणाले तर चहा घेते.
"काल दुपारी दोनला, मुळा चिरताना" म्हणाले तर
मास्क नाकावर ओढते.

तिसऱ्याची गोष्ट सांगायची राहून जाते.
तो हाक मारत नाही, दारही वाजवत नाही.
म्हाताऱ्या अंगात त्याला
ताप पेटवण्यापुरतं सरपणसुद्धा मिळत नाही.

या मंगळवारी खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ होता.
तोकुझो-सान रजईखाली पाय घालून बसलेले.
त्यांनी आपण होऊन बाही वर केली.

लोणच्याची बशी तशीच.
थर्मामीटर म्हणाला, छत्तीस पूर्णांक चार.
कियोए-सान म्हणाल्या, "ताप नाही ना,
म्हणून कळवलं नाही. कालपासून फक्त गप्प आहेत."
स्टोव्हवर किटली खदखदत होती.
मी घड्याळ धरून श्वास मोजले: मिनिटाला अठ्ठावीस.
हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, ऊब आली,
तरी चिमटा एकोणनव्वदच्या वर चढेना.
मागच्या मंगळवारी सत्त्याण्णव. त्याच्या मागच्या, सत्त्याण्णव.
ऑक्टोबरात बंद शाळेच्या अंगणात
तपासणीची बस आली होती,
कियोए-सानने ओढत नेलं होतं यांना,
तेव्हाच्या फोटोत फुप्फुसं स्वच्छ.
म्हणजे जे काही होतं ते नवं होतं.

फोन केला. मग यंत्रवाल्या याशिरोला दुसरा:
पुढचं गाव राहू दे, मागे फिर,
तुझ्यामागून रुग्णवाहिका येईल.
तो काही विचारत बसला नाही.

न्यूमोनिया. उजव्या बाजूला, खाली.

वहीतला माझा रकाना त्या दिवशी कोरा राहिला.
पेन्सिल टेकवली आणि उचलली.

नवव्या दिवशी गाडीत असताना फोन वाजला.
"इथली पेज अळणी आहे."
आवाज बसका, पण टोकदार.
"आणि इथल्या नर्सचे हात बर्फासारखे.
तिला शिकव जरा."
मी हसायच्या आत म्हणाले,
"आणि तुझा दाब कोण बघतं गं?"

ऑक्टोबरात बसपाशी मी रांग लावत होते,
नावं पुकारत होते. रांगेत उभी नव्हते.
त्याआधीच्या वर्षीही नव्हते.
"ऐकू येत नाही," मी म्हटलं, "दरीत आहे मी."

गाडी कडेला घेतली. हीटर सुरू ठेवला.
कोटाची डावी बाही काढताना
कोपर हॉर्नवर आपटलं,
आणि पांढऱ्या शांततेत एकदाच, मोठ्याने,
कुणीतरी ओरडल्यासारखं झालं.