डोळ्याची डबी

आधी वस्तू हातात घ्यावी लागते.
नुसतं माप पुरत नाही.
म्हणून ओटमारनं डोंगरापलीकडच्या काचभट्टीवरून
रुमालात गुंडाळून आणला एक डोळा:
निळसर करडा, कडेला तांबड्या शिरा,
रात्रभर जागलेल्या माणसाचा वाटावा असा.
"पोकळ आहे," तो म्हणाला, "शिंकलीस तरी जाईल."
मी शिंक दाबली.

थुरिंगियात नोव्हेंबर. चारलाच दिवे.
कारखान्यात आम्ही चौघं
आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठं एक यंत्र.

कागदावर मी डबी उलगडून काढते.
उलगडायची आधी, दुमडायची नंतर;
आमच्या धंद्यात सगळं उलटं जन्माला येतं.
कापायची रेघ अखंड, दुमडायची तुटक,
कडांना चार जिभा, सरस चाटायला.
पुठ्ठ्यालाही धागा असतो.
धाग्याच्या बाजूनं वाकवला तर मुकाट वाकतो,
आडवा दुमडला की घडीवर उलतो.
माणसांचंही तसंच असेल. मला पुठ्ठ्याचं ठाऊक.

पहिला नमुना कोरा, पांढरा.
आत काळी मखमल, मखमलीत खळगा,
खळग्यात डोळ्याऐवजी लाव्याचं अंडं.
कमरेच्या उंचीवरून टाकायचा:
एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर,
मग सहाही अंगांवर एकेकदा.
आठ डब्या, आठ अंडी, आठही फुटली.
नवव्या डबीतलं शाबूत निघालं, तेव्हा
आमची शिकाऊ रोन्या म्हणाली, "आता उकडू या?"

झाकणावर मी सोनेरी डोळा काढला होता,
टपोरा, पापण्यांसकट. माझा लाडका.
ओटमारनं मान हलवली.
"पोस्टमनला कशाला कळायला हवं, आत काय आहे?"
झाकली मूठ सव्वा लाखाची.
सोनं गेलं. बाहेरून राखाडी, नाव नाही, गाव नाही.
पितळी ठसा पडून आहे कपाटात,
चारशे युरोंचा;
त्याच्याकडे मी काणाडोळा करते.

योर्गनं पोलादी पाती वाकवून फळीत ठोकली,
यंत्र दिवसभर पाय आपटत राहिलं,
सरसाचा वास केसांत, पावात, कॉफीत.
फट अर्धा मिलिमीटर.
कमी झाली तर झाकण हट्टाला पेटतं,
जास्त झाली तर पहिल्याच हिसक्याला निसटतं.
तीनशे डब्या, डोळ्यांत तेल घालून.

मार्चमध्ये एक परत आली. पोस्टानं नव्हे,
खिशात घेऊन तो स्वतःच आला:
एर्फुर्टचा कुलुपवाला, फोल्करट नावाचा,
बुटांना अजून बर्फ.
"सुंदर आहे," म्हणाला. (तक्रारी इथूनच सुरू होतात.)
"पण रात्री दिवा विझवल्यावर मी डोळा काढतो.
तो या मुठीत. उरला एक हात.
आणि तुमची डबी चारी अंगांनी गुळगुळीत.
झाकण कुठं सुरू होतं, तेच लागत नाही.
माझ्याकडे येणारी कुलुपंसुद्धा
किल्ली कुठं घालायची, तेवढं तरी सांगतात."

मी टेबलावरचा दिवा बंद केला.
डबी हाती घेतली. एकाच हातात.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग त्याचा अंगठा कडेवरून चालत गेला
आणि जिथं अडखळला
तिथं मी पेन्सिल टेकवली.

अर्धचंद्र. नखाएवढा.
रेखाटनात दिसतही नाही धड.
योर्गनं तेवढ्यासाठी पातं तीनदा मोडलं,
शिव्या दिल्या, चौथ्यांदा जमवलं.

नवी डबी फोल्करटनं कानाजवळ धरली.
झाकण आपल्याच वजनानं खाली सरकलं,
आतली हवा एक निःश्वास टाकून बाहेर पडली,
आणि मग काही नाही.
"लागला डोळा," तो हळूच म्हणाला,
आणि टोपी घालून निघाला.

उरल्या दोनशे साठ जुन्या डब्या.
त्यांना अर्धचंद्र हातानं कापावे लागतील.
रोन्या कुरकुरतेय.
सुरी कुठं ठेवली, विचारतेय.