बिनसुईची सिरिंज

सेलूतली सगळी पोरं मला ओळखतात.
निळी पेटी खांद्यावर दिसली की
अख्खी गल्ली आतून कडी लावून घेते.
बावीस वर्षं झाली लसी टोचायला.
आया दटावतात, "जेव, नाहीतर सिस्टर येतील."
मी येतेच. जेवलं तरी.

म्हणून बँकेतले कुरियन साहेब बदलीवर जाताना
पिंजरा माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाले,
"आपका हाथ हल्का है,"
तेव्हा मला हसूच आलं.

राखाडी पाखरू, गालांवर शेंदराचे ठिपके,
डोक्यावर तुरा. कॉकटेल म्हणतात त्याला.
चार दिवस माझ्याकडे पाठ करून बसलं.
पाचव्या दिवशी तळहातावरची मालदांडी
एकेक दाणा उचलून नेली,
उसनी नेल्यासारखी.
सहाव्या दिवशी शिंक.
नवव्या दिवशी पिसं फुगवून दुपारभर मिटलेले डोळे.

पॅसेंजरने परभणी. पिंजऱ्यावर माझी जुनी ओढणी.
पशुवैद्यकीय कॉलेजात कच्छवे डॉक्टरांनी
छातीचं हाड चाचपलं, वजन केलं:
अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. एक मूठ तुरीच्या डाळीएवढं.
"दिवसातून दोनदा, दोन थेंब, सात दिवस.
पाण्यात टाकू नका, ते पाणीच सोडून देईल.
धरावं लागेल. रागावेल."

रागावेल. एवढंच?

पहिल्या दिवशी टॉवेलात गुंडाळलं.
काळजाचे ठोके मोजता येईनात,
मला, जिचं आयुष्य नाडी मोजण्यात गेलं.
एक थेंब पोटात, एक बहुतेक टॉवेलात.
सोडलं तसं ते पार त्या टोकाला जाऊन
ओरडलं, "वा! वा!"
मार टोमणा, म्हटलं. मार बापा.

रात्री ज्वारीला शिवलं नाही.
शमीम आपा ओट्यावर येऊन बसली,
"रोती कायकू? दवाच दी ना, जहर तो नै."
तिला कसं सांगू,
पोरं टोचून घेतात आणि आईच्या कुशीत शिरतात.
याची कूस मीच
आणि सिस्टरही मीच.

मग ठरवलं, पिंजऱ्यात हात घालून धरायचं नाही.
ते त्याचं घर.
दार उघडून बसायचं, नऊ वाजोत की साडेनऊ.
बिनसुईची सिरिंज दिवसभर जवळ ठेवायची,
टोकाला कधी नुसतं पाणी,
कधी कोवळ्या हुरड्याचं दूध,
आणि दोन वेळा, फक्त दोन वेळा, कडू.
आणि कडू असलं की आधी सांगायचं,
"हे कडू आहे बरं का."
त्याला मराठी कुठलं कळायला.
पण माझा आवाज मला तरी खोटा वाटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी अंगठा फोडला.
चौथ्या दिवशी लाईट गेली, आठ दिवसांनी नळ आला,
आणि नेमके तेव्हाच नऊ वाजले.
घागरी, मोबाईलचा उजेड, घाई.
टॉवेल लागलाच.

पाचव्या दिवशी कोट्टायमहून कुरियनबाईंचा फोन.
मोडकी हिंदी त्यांची, मोडकी माझी.
"वा वा बोलता है क्या अभी भी?
हमारे में वा मतलब, आओ."

फोन ठेवला तरी मी तशीच उभी.
म्हणजे टॉवेलातून सुटून, त्या टोकाला जाऊन
ते कुणाला तरी बोलावत होतं.
मला नव्हे.

संध्याकाळी दार उघडून भिंतीला टेकले
आणि कधी न बोललेल्या भाषेतला
पहिला शब्द बोलले.
वा.
त्याने तुरा ताठ केला.
एक पाऊल. मग कितीतरी वेळ काहीच नाही.
सिरिंज हातात उघडीच, त्याला दिसेल अशी.
वा. कडू आहे. वा.

दोन थेंब.
तोंड वाकडं करून त्याने चोच
माझ्या बाहीला पुसली, दोन्हीकडून,
आणि मनगटावरच बसून राहिलं.
पाय झोपेपर्यंत मी हलले नाही.

बाटलीत अजून दोन दिवसांचं औषध आहे.
उद्या येईलच, असं नाही.