अळणी समुद्र

कौनासहून पहाटे निघालो, चौघं,
ओबिन्नाच्या त्या गाडीतून, जिची मागली काच
एकदा खाली गेली की हाताने ओढून वर घ्यावी लागते.
ऑस्तेयाच्या मांडीवर टोपभर बटाटे, सालीसकट उकडलेले.
मिंदौगस जो झोपला तो थेट क्लाइपेदाच्या धक्क्यावर उठला,
"आला?" म्हणाला,
जसा काही समुद्रच आम्हाला भेटायला येणार होता.

मग तर. गाडीसकट.
पलीकडे वाळूची लांबच लांब पट्टी,
एका हाताला खाडी, एका हाताला समुद्र,
मधे पाइनची झाडं, वारा सांगेल तशी वाकलेली.

निदाच्या टेकडीवर चढताना पाऊल पुढे टाकावं
तर अर्धं मागे येत होतं.
"हिच्याखाली गावं आहेत," ऑस्तेया म्हणाली.
"वाळू चालत आली. माणसं घरं उचलून पुढे गेली,
वाळू पुन्हा मागोमाग."
मी बूट काढून हातात घेतले. उगाच.

पाणी घोट्याला लागलं ते हाडात गेलं.
वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं,
जुनी खोड. शिरोड्याच्या आगरात बाबा असंच करायचे,
पाणी पिकलं का बघायला.

अळणी.
पाहुणे पानावर बसलेत
आणि आमटीत मीठ घालायचं राहून गेलंय,
तसा समुद्र.

मी तिथूनच फोन लावला.
बाबा चष्मा शोधत राहिले, मग लाटा बघत राहिले.
"समुद्र आळणी आसता कधी? जीभ बघ गो आधी तुझी."
मागून आई: "स्वेटर घातलंस ना?"

आदल्या रात्रीच्या वादळाने शेवाळाची रांग किनाऱ्यावर टाकली होती,
आणि लोक त्यात वाकून वाकून अंबर शोधत होते.
ओबिन्नाला सापडले ते तीन बाटल्यांचे तुकडे आणि एक लायटर.
मला एक मिळाला, मसूरडाळीएवढा.
मिंदौगसने दातावर वाजवून पाहिला.
"खरा. या पाण्यात बुडेल,
खूप खारट पाण्यात मात्र तरंगतो."
म्हणजे आमच्या आगरात तरंगेल, मी म्हणाले,
आणि त्या मसुराचा मला एकदम अभिमान वाटला.

मासे धुरवणाऱ्या आजी, दानुते,
चिमणीखाली उभ्या, हात कोपरापर्यंत काळे.
मासा कागदात बांधता बांधता छपरावरच्या कावळ्याकडे बघून म्हणाल्या,
"आमचे आजोबा जाळं लावून हे धरायचे.
हिवाळ्यात दुसरं काय होतं? खारवून ठेवायचे पिंपात."
ऑस्तेयाने भाषांतर केलं आणि माझा घास थांबला.
पंधरवडा चालू होता.
त्याच आठवड्यात आई गच्चीवर पान ठेवून
का, का, करत उभी राहिली असणार.
हे सगळं मी त्यांना कसंबसं सांगितलं.
आजी थोडा वेळ गप्प. मग माशाचं डोकं तोडून
छपरावर भिरकावलं.
"घे," कावळ्याला म्हणाल्या, "कोणाचा आहेस कोण जाणे."

परतताना पाऊस. काच वर येईना.
मी शेजारी बसून तीन तास ती धरून ठेवली,
पायांत समुद्राची बाटली, लिटरभर.

मध्यरात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती उकळत ठेवली.
कोणी झोपायला जाईना.
पाणी आटत आटत गेलं, तळाशी एक पांढुरकी कड उरली,
चमचाभर, जेमतेम.
फोटो पाठवला. तिकडे चार वाजले असतील,
पण बाबा जागेच.
"इतक्याच?" मग बऱ्याच वेळाने, "रंग बरो आसा."

टोपात एक बटाटा उरला होता.
ऑस्तेयाने चार फोडी केल्या,
मी चिमटीने मीठ सोडलं,
जरा कडवट, जरा वाळूचं.
ओबिन्ना म्हणाला, "अजून थोडं घाल."