उलट बाजूनं

आवाठात म्हणतात,
सगुण मेथराच्या पोरीला लाठी येत नाही.
खरं आहे.
मला तेल येतं.

उंडीच्या बिया फोडून, वाळवून
घरीच काढलेलं हिरवट, उग्र तेल,
अंगाला लावलं की चार दिवस मांजरसुद्धा जवळ फिरकत नाही.
निरगुडीचा पाला येतो, सहाणेवरची आंबेहळद येते,
चिव्याच्या कामट्या मनगटाच्या मापाच्या तासता येतात.

होड्या ओढून झापांखाली निजवल्या
की निवतीची पोरं रिकामी होत
आणि बाबा जाळ्यांचा मांगर सारवून घेत.
कोपऱ्यात मारुतीची तसबीर, तिच्यापुढे लाठ्या, एक फरी,
खुंटीवर पट्टा, तो फक्त दसऱ्याला उतरायचा.
मी कुडाच्या भिंतीपलीकडे, चुलीशी.
दिसायचं काही नाही.
ऐकू यायचं: ठक्, ठक्, पायांची घसट,
"कोपर! अरे, कोपर खंय ठेवलंस?"
मग एक निराळा ठक्. मांसावरचा.
मग शांतता.
मग माझं नाव.

अशी मी लाठी शिकले,
सुजेपासून मागे मागे जात.

रवळूच्या पोटरीवर आडवा वळ: पाऊल उचलायला उशीर.
जयवंत कुबलची करंगळी सुजलेली:
लाठी धरतो आणि ती बाहेर ठेवतो, चहाच्या कपासारखी.
पाठीवर काळंनिळं घेऊन आलेला
मला तोंड दाखवत नसे, मीही विचारत नसे.
दुखतं तिथे चोळायचं,
आणि त्याच्या वीतभर वर एकदाच दाबायचं:
"हयसून सुटलो तुझो हात."
दुसऱ्या दिवशी तो वार चुकत नसे.
बाबांना वाटे, पोरं आता आपलं ऐकू लागली.

यंदा पहिल्यांदा बाबांच्याच डाव्या खांद्यावर डाग दिसला.
"चौकट लागली गो."
आमच्या घराला चौकटी आहेत दोन,
दोन्हींतून ते साठ वर्षं वाकून जातात.
मग बरगडीखाली एक.
मग डाव्या कानशिलावर, किसन्याच्या लाठीचा,
तीन आठवड्यांपूर्वी आलेलं पोर,
ज्याची लाठी अजून स्वतःच्याच गुडघ्यांना लागते.

वार दिसला की अंग चोरतं.
म्हातारं असो, दमलेलं असो, चोरतंच.
चोरलेल्या अंगावर वळ घसरतो, शेपूट ओढत जातो.
हा गोल होता. रुपयाएवढा.
पडला तिथेच बसलेला.

मी चिमणी उचलून त्यांच्या डावीकडे धरली.
गालाला धग लागेल इतकी जवळ.
ते चुलीकडेच बघत राहिले.
"तेल तापलां काय गो?"
तापलां, म्हटलं.
आणि बराच वेळ नुसती चोळत बसले,
जिथे दुखत होतं तिथे.
वीतभर वर काय दाबायचं, कळेना.
कुडाळचं इस्पितळ काढलं असतं तर म्हणाले असते,
होड्या पाण्यात जाऊंदेत मगे बघूया.
तीन वर्षं हेच दाढेबद्दल म्हणतायत.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी भिंतीला वळसा घालून
मांगरात आले.
पोरं थांबली. रवळूनं उगीच शर्ट शोधला.
मी लाठी घेतली नाही.
बाबांच्या डाव्या अंगाला, हातभर मागे उभी राहिले,
तेलकट हात पदराला पुसत.

किसन्या आला. उजवा पाय आधी,
खांदा वर, कोपर सैल.
हा वार माझ्या ओळखीचा होता,
कालच मी त्याला तासभर चोळलं होतं.
मी बाबांच्या दंडाला बोट लावलं.
ठक्.
लाकडावर लाकूड.

पोरांना काय वाटलं कुणास ठाऊक.
बाबा वळले नाहीत.
खेळ संपल्यावर लाठी तसबिरीशी ठेवता ठेवता
पाठमोरेच म्हणाले,
"उद्या जरा बेगीन ये."

चुलीवरचं तेल तोवर करपलं होतं.
मांगरभर वास.